अभिप्रायाची जागा

फॉर्मवर अभिप्रायाला जागा दीड बोट.
तेवढ्यात माणूस बसवायचा असतो.
सतरा वर्षं बसवतेय मी:
शिक्षक, तलाठी, एसटीचे वाहक,
एकदा बागखात्याचा माळी,
त्याच्या अंगठ्यावर रेषाच उरल्या नव्हत्या.

आज रणधीर नेजदार, वय चोवीस,
अग्निशमन दल, निवड यादीत सहावा.
रकाना अकरा:
आपणाविरुद्ध कधी गुन्हा दाखल झाला आहे काय?
बाकीचे ‘नाही’ लिहितात एका फटकाऱ्यात,
पेन उसनं आणल्यासारखं.
यानं लिहिलंय ‘होय’,
आणि इतकं दाबून
की कागद उलटा करून हात फिरवला
तर बोटाला लागतं.

मिरजकर तिकटीपासून आत, दोन वळणं.
गाडी स्टँडला लावेपर्यंत गल्लीला कळलं होतं.
साध्या कपड्यात जाते मी. उपयोग होत नाही.
चपलांच्या दुकानातला म्हातारा
कातडं वाकवत म्हणाला,
“फुटबॉलचा गुन्हा व्हय?
त्या दिवशी अख्खी पेठ गुन्हेगार हुती, मॅडम.
मीबी गेलो असतो, गुडघा आड आला.”

मला काय सांगतो.
मी त्या दिवशी बंदोबस्ताला होते, दक्षिणेच्या गेटवर.
एक-एक बरोबरी, पंचानं पेनल्टी नाकारली,
मग दगड, आडव्या पडलेल्या मोटारसायकली.
कोण फेकतंय दिसलं नाही. धूळ दिसली.
नावं रात्री ठाण्यात निष्पन्न झाली,
बावीस.
बाविसावं याचं. तेव्हा एकोणीस वर्षांचा.

चार वर्षांनी सगळे निर्दोष.
निकालाची प्रत आईनं आतून आणली,
प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला दोन गाठी.
गाठ सोडताना म्हणाली, चहा ठेवू?
मी नको म्हटलं. घ्यायचा नसतो आम्ही.
तिला वाटलं, निकाल लागला.

गंगावेशीत म्हशीची धार काढणाऱ्या बाईला विचारलं.
“उधारी असती त्याची,
पन एक तारखंला देतोय न चुकता. ते लिवा की.”
लिहून घेतलं.
त्याला रकाना नाही.

कार्यालयात कुंभोजे लिपिक म्हणाले,
“होय आहे ना? मग उन्हात कशाला फिरलात?
‘प्रतिकूल’ लिहून टाका.
उद्या काही झालं तर सही तुमची आहे.”
परिपत्रक त्यांच्याच ड्रॉवरमध्ये होतं:
गुन्ह्याचे स्वरूप, तेव्हाचे वय, न्यायालयाचा निकाल,
माहिती दिली की दडवली, हे पाहून ठरवावे.
‘स्वरूप’वर चहाच्या कपाचं गोल.

माझी पडताळणी झाली तेव्हा
मी राधानगरीला मामाकडे होते.
हवालदार आला, ताक प्याला,
मामी म्हणाली, पोरगी सरळ हाय.
आदल्या वर्षी मी कंपासपेटीनं
एका पोराचं डोकं फोडलं होतं. सहा टाके.
आपण काय केलं होतं ते त्याला माहीत होतं,
म्हणून तक्रार झाली नाही.
माझा रकाना कोरा गेला.
कोऱ्याला स्वच्छ असं कुणी म्हणालं नाही,
तसं धरून चाललं सगळं.

दीड बोटात लिहिलं: ‘पुरवणी पान पाहावे.’
पुरवणी पान भरलं, दोन्ही बाजू.
बाईची एक तारीखही घातली,
कुंभोजेंनी खोडली तर खोडू देत.
स्टेपलरमधल्या पिना संपल्या होत्या,
टाचणी मारली.
सही केली, नेहमीपेक्षा सुवाच्य.

जावक क्रमांक पडला.
पुढं आयुक्त काय करतील, मला कळवत नाहीत.

टेबलावर अजून अकरा फॉर्म,
अकराही ‘नाही’.
उद्या त्यांच्या गल्ल्या.